देवव्रतचा गाल

पंचवटीतली ओवी लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. ती घरी शिकवण्या घेते आणि चहा पाणचट झाला तर कप परत पाठवते. परवा टीव्हीवर इच्छामरणाच्या कायद्यावर चर्चा चालू होती. ओवी वैतागून म्हणाली, “मलाही कंटाळा आलाय जगण्याचा.” बाबा मायेनं म्हणाले, “तुझं काही चुकत नाही, बाळा. सुटशील तरी.” आईनंही मान डोलावली.

काल धाकट्या भावाचं, देवव्रतचं, ठरलेलं लग्न मोडलं आणि तोही तेच म्हणाला. बाबांनी त्याच्या थोबाडीत मारली. आईनं रडत मीठ-मोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली आणि गच्चीला कुलूप लावलं.

ओवी त्याच्या लाल गालाकडे बघत राहिली. त्याच्या धडधाकट पायांचाही तिला कधी एवढा हेवा वाटला नव्हता.