दहा मुलं राहतील

विठ्ठलवाडीच्या एका खाजगी मराठी शाळेत मी चौथीला गणित शिकवायचे. वर्गात एक मुलगी होती, स्टेशनमागच्या चाळीत राहणारी. त्यांच्याकडे पाणी दिवसाआड यायचं आणि नळ जायच्या आत काय काय भरून होईल, हे घरात तिलाच विचारायचे. त्यातूनच असेल, तिचा अंदाज सहसा चुकायचा नाही. फळ्यावर चारशे अठरा भागिले सहा लिहिलं की बाकीची पोरं वहीत मांडामांड करायची. ही मात्र फळ्याकडे बघून म्हणायची, "सत्तरच्या जरा आत." कसं, विचारलं तर सांगायची की चारशे वीस असते तर बरोबर सत्तर आले असते, आपल्याकडे दोन कमी आहेत.

अंदाज करणं पुस्तकात होतं, म्हणून आम्ही शिकवायचो. उत्तर काढण्याआधी ते साधारण कुठे पडेल ते बघायचं आणि काढून झाल्यावर त्याला काही अर्थ आहे का, हेही बघायचं. मला तो धडा मनापासून आवडायचा.

सहामाहीत शाब्दिक उदाहरण आलं. एकशे सत्तर मुलं सहलीला जाणार, एका बसमध्ये चाळीस बसतात, तर बस किती लागतील? बहुतेकांनी रीतसर भागाकार करून लिहिलं, चार, बाकी दहा. तिने लिहिलं, "पाच. नाहीतर दहा मुलं राहतील." मी पूर्ण गुण दिले.

तपासलेल्या उत्तरपत्रिका नजरेखालून घालायला मुख्याध्यापिकांकडे गेल्या. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्यांनी मला बोलावून छापील उत्तरसूची पुढे सरकवली. तिथे चार, बाकी दहा असंच होतं. मी म्हटलं, सूची चुकली आहे, बाकी राहिलेली मुलं बसच्या टपावर बसणार आहेत का? त्या चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "पायऱ्या नाहीत, सूचीशी जुळत नाही. एकीला दिले तर सगळे पालक भांडायला येतील." मी गुण कापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःच लाल पेनाने ते खोडले.

पालकसभेत तिची आई आली. मी तिला सगळं सांगितलं, उत्तर बरोबर होतं हेही. तिने ते ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच लेकीला म्हणाली, "शाळेत सांगतात तसंच लिहायचं. आपलं डोकं नाय चालवायचं." मुलीने मान हलवली. आईचा राग तरी कसा धरायचा? आपल्या मुलीच्या हुशारीपायी गुण जाताना तिने पाहिले होते.

त्यानंतर वर्गात ती फळ्याकडे बघून पटकन उत्तर देईनाशी झाली. विचारलं की आधी वहीत मांडायची. वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, पाचशे ब्याण्णव भागिले तीनचं अंदाजे उत्तर लिहा. तिने दोनशे लिहिलं होतं, ते बरोबर होतं. पण कागद उजेडात धरला तर त्या उत्तराखाली खोडरबराने पुसलेला अख्खा भागाकार दिसत होता, अगदी बाकीसकट.

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, हे कशाला केलंस?

"आधी करून बघितलं, बाई. चुकलं असतं तर?"

"अंदाज थोडा चुकला तरी चालतो गं."

"नाय चालत, बाई," ती म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, मला समजावत होती.

ती वर्गात पहिली आली. आई पेढे घेऊन आली, म्हणाली, तुमच्यामुळे सुधारली. मी पेढा घेतला. मोठ्या बाईंनी तिची उत्तरपत्रिका नमुना म्हणून शिक्षकखोलीत लावली, पायऱ्या कशा लिहाव्यात ते सगळ्यांना दिसावं म्हणून.

जूनमध्ये मला दुसरीचा वर्ग मिळाला, मराठी शिकवायला. चौथीचं गणित एका नव्या बाईंकडे गेलं. त्यांचं अक्षर फार सुरेख आहे.