दिवटीची जमीन

औशाच्या बसस्टँडवर दर सोमवारी तो म्हातारा दिसायचा, फडक्यात गुंडाळलेली दिवटी मांडीवर घेऊन. मठाच्या पालखीपुढं ही पेटती दिवटी धरायची आणि त्या बदल्यात मठाची जमीन कसून खायची, हे त्याच्या घरात पणज्यापासून चालत आलेलं.

"आता रस्त्यावर लाईट हाय की, मामा," मी एकदा शहाणपणा केला.

"लाईटला जमीन दिली न्हाई, मला दिली. सेवा चुकली की काढून घेतेत."

तेवढ्यात मुरुडची एसटी आमच्यासमोरच येऊन थांबली. तो बसूनच राहिला.

"मुरुडची लागली का, बघा बरं."

मी पहिल्यांदा नीट त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. दोन्ही बुबुळं दुधासारखी पांढरी.

त्यानं चाचपत माझं मनगट धरलं.

"मठात बोलू नका."