शनिवारच्या वाटा

देवणीजवळच्या आमच्या गावात माझे वडील दुसऱ्यांची गुरं राखायचे. आमच्या दावणीला स्वतःचं एक शेपूट नव्हतं. सुगीत घरटी मिळणाऱ्या ज्वारीवर सहा तोंडं. पावसाळा सरत आला की आई भाकरी लहान थापायची आणि आम्ही ते बघितलंच नाही असं दाखवायचो. त्या घरातून मी नांदेडला एम.एस्सी. कंप्युटर करायला गेले. मार्कांवर गेले, वशिल्यावर नाही. हे आधीच सांगते.

शेवटच्या वर्षी प्रकल्प मिळाला लातूरकडच्या ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचा. प्रत्येकावर जीपीएस, दर अर्ध्या मिनिटाला तो कुठे आहे याची नोंद. नोंदी जोडल्या की त्याची वाट. हंगामातल्या हजारो वाटांतून एकसारख्या कोणत्या, ते शोधायचं. प्रकल्पाचे सर म्हणाले, "मार्चपर्यंत जमलं तर सही करतो. नाही तर पुढच्या वर्षी." पुढचं वर्ष मला नव्हतं. घरच्यांनी एवढं एकच वर्ष ओढायचं ठरवलं होतं.

मी एका वाटेची पहिली नोंद दुसरीच्या पहिलीशी, दहावी दहावीशी अशी ताडून पाहिली. निकाल आला: एकाच फडातून एकाच कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर शनिवारी भलत्याच वाटेने जातात.

सर हसले. "शनिवारी रस्ते सुट्टीवर असतात का गं?" वर्गातली पोरं आठवडाभर तेच म्हणत राहिली.

शेवटी एका ड्रायव्हरलाच फोन लावला.

"अवो ताई, शनवारी मारुतीला नारळ फोडल्याबिगर गाडी हालत न्हाई. लई लाइन लागती. तुमच्या कंप्युटरला परसाद पाठवू का?"

चीड आली ती स्वतःची. शनिवारचा मारुती मला नवा होता थोडाच! ट्रॅक्टर वीस मिनिटं थांबला की चाळीस नोंदी एकाच जागी साचायच्या आणि तिथून पुढच्या सगळ्या जोड्या बिघडायच्या. मी वाटा ताडतच नव्हते, घड्याळं ताडत होते.

मग एका नोंदीला समोरच्या वाटेच्या अनेक नोंदी जुळू द्यायची रीत बसवली. जुळलं, पण मशीन रांगायला लागलं. प्रत्येक वाट प्रत्येकीशी! सकाळपासून दहावा भागही व्हायचा नाही, आणि पाचला लॅबवाले मामा मेन स्विच पाडायचे. अर्धवट निकाल साठवून ठेवायचा असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रोज पहिल्यापासून.

वडिलांचा फोन यायचा. "झालं का?"

"न्हाई."

"मंग काय करायलीस इतके दिस?"

मी रागाने फोन ठेवून द्यायचे.

शिरूर अनंतपाळकडून निघालेली वाट देवणीकडच्या वाटेशी ताडायचीच कशाला, एवढं साधं सुचायला फेब्रुवारी उजाडला. नकाशाचे चौकोन पाडले. एका चौकोनातून निघालेल्या वाटाच एकमेकींशी ताडल्या. अख्ख्या हंगामाचा हिशेब पाचच्या आत संपला. शनिवारच्या वाटा बाकीच्या दिवसांच्या वाटांत जाऊन बसल्या.

सरांनी मार्चमध्ये सही केली. त्याच वर्षी मी एम.एस्सी. झाले.