गुलकंदाच्या दुकानाच्या अक्षता

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळात मी अमरावतीच्या एका छापखान्यात जाहिरातींचा मजकूर लिहीत असे. ज्याला जी भाषा कळते तीतच त्याच्याशी बोलावं, हे माझं तत्त्व मी भेटेल त्याला ऐकवायचो. घाईत असलेले लोक लगेच पटल्याचं सांगून सुटका करून घेत.

अकोल्याजवळच्या माझ्या एका माळी मित्राचा गुलाबाचा मळा होता. त्यानं शहरात गुलकंदाचं दुकान काढायचं ठरवलं आणि सल्ला नेमका माझा घेतला. वकिलांच्या आळीसाठी मी भारदस्त पत्रक लिहिलं. मुसलमान मोहल्ल्यासाठी एका मौलवींकडून उर्दूत लिहून घेतलं. ते फार छान उतरलं, कारण त्यात माझा हात नव्हता.

"आन् आमच्या लोकाईचं काय?" मित्र म्हणाला. "त्याईले वाचता कुठं येते, भाऊ?"

"त्यांच्या दारी अक्षता पाठवू. बोलावणं म्हटलं की माणूस येतोच."

आतून त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, घरात लग्नाची पोरगी हाय. पातूरची मानसं पाहून गेली, अजून होकार याचा हाय. लोकं काय म्हनतीन?"

"लोकं दुकानात येतील, वहिनी," मी म्हणालो. शिकलेला माणूस बोलतोय म्हणून त्या गप्प बसल्या.

बोलावणं करणारी बाई दारोदार अक्षता देत, सवयीनं म्हणायचं तेवढंच म्हणाली: उद्या सकाळी मळेवाल्याच्या शहरातल्या नव्या जागेत या. वकील दोघेच आले. मोहल्ल्यातले बरेच आले. माळी समाज मात्र झाडून आला. फेटे बांधून, ठेवणीतली लुगडी नेसून, आहेर घेऊन.

"नवरदेव कुठं हाय?" एका आजीनं मलाच विचारलं.

"आजी, हे दुकान आहे."

"मंग अक्षता काहून धाडल्या?"

मी पोट धरून हसलो. छापखान्यात तीन दिवस हाच किस्सा रंगवून सांगत होतो. चौथ्या दिवशी मित्राचा निरोप आला. पोरीचं लग्न परस्पर उरकलं, अशी बातमी पातूरला पोचली होती.

मी तडक पातूर गाठलं. मुलाच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं खरं असन," ते म्हणाले. "पन अक्षता आमच्या सोयऱ्याच्याच दारात आल्या. आमी काय समजाचं? काल दुसरीकडं सुपारी फोडली."

मळ्यावर परतलो तेव्हा वहिनी फुलं खुडत होत्या. मी सांगितलं. त्या परडी भरेपर्यंत खुडतच राहिल्या.

"पोरीले तुमीच सांगा," शेवटी म्हणाल्या. "मले नाई जमत."

पोरगी दुकानात बरण्या पुसत होती. मी काय काय बोललो, आठवत नाही. बरंच बोललो असणार. तिनं ऐकून घेतलं आणि पुढची बरणी पुसायला घेतली. त्यानंतर दोन वर्षं त्या घरी मुलगी पाहायला कोणी आलं नाही.