खुर्चीवरून पडणाऱ्या नटाची शंभरी

वर्तमानपत्रात शब्दकोड्याच्या खाली हसवणाऱ्यांचे वाढदिवस सांगणारं चार ओळींचं सदर असायचं. अठ्ठावीस वर्षं ते एकच गृहस्थ लिहीत होते. सगळे त्यांना तारीखकाका म्हणत. कुठला विदूषक कधी जन्मला, कुठल्या प्रहसनाचा हजारावा प्रयोग कधी झाला, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या लग्नाची तारीख तेवढी बायकोला विचारावी लागे. बुटांच्या खोक्यात त्यांनी तारखेगणिक एक कार्ड ठेवलं होतं, आणि आजवर एकही चूक निघाली नाही, याचा त्यांना भारी ताठा.

पण एक कार्ड शुद्ध थाप होती. काकांच्या स्वतःच्या वाढदिवशी जन्मलेला एकही विनोदी नट त्यांना सापडेना. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. मग त्यांनी एक नट ठोकून दिला, खुर्चीवरून पडून हसवणारा. पुढे दरवर्षी त्याची भरभराटच. तिसऱ्या वर्षी पाचशेवं पडणं, दहाव्या वर्षी सोन्याची खुर्ची बक्षीस. वाचकांचा तर तो लाडका झाला.

यंदा त्याची शंभरी आली. संपादकबाईंनी हॉल घेतला, पोस्टरं लावली.

"काका, त्याचे नातेवाईक शोधा. नाही सापडले तर तुम्हीच बोला."

काकांची पाचावर धारण बसली. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "अगं, अठ्ठावीस वर्षांची अब्रू जाणार!"

"खरं सांगून मोकळे व्हा," बायको मोजे वाळत घालत म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी त्याला पणतू होईल."

हॉल खच्चून भरला होता. स्टेजवर नटाच्या मानाची एक खुर्ची मांडलेली. दुसरी खुर्ची नव्हती म्हणून काका तिच्यावरच बसले. "मंडळी, हा माणूस कधी जन्मलाच नाही. मी थापा मारल्या. माफ करा," म्हणत ते हात जोडून वाकले. खुर्ची सटकली मागे, काका आपटले पुढे.

हॉल हसून लोटपोट. पहिल्या रांगेतले एक आजोबा तावातावाने उठले. "जन्मला नाही काय? मी लहानपणी पाहिलाय त्याला! तो पाठीवर पडायचा. तुम्ही चुकीचे पडलात!"

"अहो, खरंच नव्हता हो!" काका कळवळून सांगत राहिले. लोक आणखीच हसले.

हसून हसून डोळे पुसणाऱ्या संपादकबाईंना शेवटी पटलं. "उद्या दुरुस्ती छापायची. तुम्हीच लिहा," त्यांनी बजावलं.

घरी काकांनी ते कार्ड फाडलं. "आता माझ्या तारखेला परत कोणीच नाही," म्हणत ते तुकडे गोळा करू लागले. त्यांच्या गुडघ्याला मलम लावून झाल्यावर बायकोने कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'आजच्या दिवशी जन्मलेला एक माणूस आजच खरं बोलताना खुर्चीवरून पडला. तीनशे लोक हसले. बायकोसुद्धा.'

काकांनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले.

"अगं, तीनशे नक्की? तपासलंस ना?"