केतकरांच्या अंत्यविधीत अथेन्स

चहा निवला तरी चालेल, मंडळी. आधी माझी नामुष्की ऐकून घ्या. तीही साधीसुधी नव्हे, शवपेटीच्या साक्षीने झालेली!

ख्राइस्टचर्चला मुलाकडे राहायला आल्यापासून तिथल्या रिकार्टन उपनगरातले केतकर हेच माझे स्नेही. ग्रीक सेनापती आणि तत्त्वज्ञ हा माझ्या स्वाध्यायाचा विषय, आणि केतकर त्याचे एकमेव श्रोते. काय तन्मयतेने मान डोलवीत!

ते अकस्मात गेले. त्यांची मुलगी मीरा म्हणाली, "काका, बाबांविषयी दोन मिनिटं बोलाल? शेवटी मी बोलणार आहे. मला त्यांना नीट निरोप द्यायचाय."

दोन मिनिटे! आपल्याकडे 'दोन शब्द' किती लांबतात, हे का तुम्हांला सांगायला हवे?

दाहगृहाच्या, तासावर मिळणाऱ्या सभागृहात मी पेरिक्लिसपासून आरंभ केला. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या अंत्यविधीत त्याने केलेले भाषण, मग खिंड लढविणारा लिओनिडास. सॉक्रेटिसने विषाचा पेला हाती घेतला, तोच दाराशी काळ्या सुटातले एक गृहस्थ उठून उभे राहिले. केवढा हा आदर! मी मान लवविली. त्यांनी घड्याळावर बोट ठेवले. मृत्यूची घटिका! किती मार्मिक!

इतक्यात मागचे दार उघडले. अनोळखी गोरी मंडळी, हातात फुले घेऊन, भिंतीशी उभी राहू लागली. माझी कीर्ती रस्त्यापर्यंत पोहोचली की काय? त्यांची गैरसोय नको, म्हणून मी पेरिक्लिसपासून पुन्हा आरंभ केला. इंग्रजीत!

"बाबा, बसा!" पहिल्या रांगेतून माझा मुलगा दातओठ खात म्हणाला. "ती पुढच्या अंत्यविधीची माणसं आहेत. आपली वेळ संपली!"

शवपेटीपुढचा पडदा सरकला. केतकर पडद्याआड गेले. बोलायला अर्धी उठलेली मीरा तशीच राहिली.

बाहेर, मोटारींच्या मधोमध, बोचऱ्या वाऱ्यात मी तिच्यापुढे हात जोडले.

"मुली, तुझा निरोप मी हिरावून घेतला. आता इथे बोल. मी तोंड उघडणार नाही."

"इट्स ओके, काका." तिने डोळे पुसले आणि ती सर्वांकडे वळली. "बाबा किती चांगले होते, एवढंच सांगायचं होतं. काका घरी आले की बाबा कानातलं मशीन हळूच काढून खिशात ठेवायचे. मी ओरडले, दॅट्स सो रूड, बाबा! तर म्हणाले, 'माणूस एकटा आहे गं. बोलू दे त्याला.'"

त्या दिवशी मंडळी प्रथमच हसली. मीराही, रडता रडता.

मला राहवले नाही. "पण... कधीपासून?"

"फ्रॉम डे वन, काका!"