कंटाळा म्हणजे बोअर नव्हे

"मेजर डिप्रेशन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चार दिवसांची उदासी नव्हे. भूक, झोप, इच्छा सगळं बंद पाडणारा आजार. माझी बायको मीना मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. सात आठवड्यांत तिचं वजन अकरा पौंडांनी उतरलं होतं. अमेरिकेतून बहिणीला पुण्याला फोन करायची कॉलिंग कार्डं ड्रॉवरमध्ये तशीच पडून होती.

गोळ्या सुरू झाल्या. शिवाय काउंटीच्या, इथल्या जिल्ह्याच्या, मानसिक आरोग्य केंद्रात ब्रीफ थेरपी, म्हणजे मोजक्या बैठकांत संपणारे बोलण्याचे उपचार. बैठका आठ. मीनाला दुकानापुरतं इंग्रजी येतं. मनातलं सांगायला ते पुरेना. म्हणून दुभाषी मी.

"मला सगळ्याचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. मी सांगितलं, "शी इज बोअर्ड." केली या तरुण थेरपिस्टने ते लिहून घेतलं. मग चार बैठका आम्ही छंद शोधत होतो. पोहणं, विणकाम, लायब्ररी. मीना मान डोलवायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

पाचव्या वेळी कॉलेजातून आलेली आमची मुलगी सई गाडी चालवत होती. विणकामाचं आणि मी केलेल्या भाषांतराचं ऐकून ती ओरडली, "बाबा, तू 'बोअर्ड' म्हणालास? आर यू किडिंग मी? आई, कशाचा कंटाळा आलाय तुला?"

मागच्या सीटवरून मीना म्हणाली, "जगण्याचा."

पोचल्या पोचल्या मी केलीला माझी चूक सांगितली. तिने मला बाहेर काढलं, फोनवर मराठी दुभाषी बाई घेतल्या आणि जीव द्यावासा वाटतो का, हे मीनाला सरळ विचारलं. त्या दिवशी मीना चाळीस मिनिटं बोलली.

बैठक संपल्यावर केलीच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या, "आधी चार बैठका झाल्यात. आजची धरून उरल्या चार."

"त्या चार माझ्यावर झाल्या," मी म्हणालो. "हिच्यावर शून्य."

"नियम आठचा आहे."

"मग आठ द्या. आजची पहिली धरा. तोवर मी इथून हलत नाही."

केली माझ्या बाजूने उभी राहिली आणि आठ बैठका मिळाल्या. तिने आखणीच बदलली: सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, मग अंतर वाढवत नेलं. छंदांची यादी तिने माझ्यासमोर फाडली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या घरी ही वेळ आली, तर घरच्या माणसाला दुभाषी करू नका. केंद्राकडे दुभाषी मागा. नाही म्हणाले, तर पुन्हा मागा.

मीना पूर्ण बरी झाली, असं मी लिहिणार नाही. गोळी चालू आहे. दिवस वाईट गेले की ती स्वतः केंद्राला फोन लावते आणि माझ्यादेखत ठणकावते, "मराठी इंटरप्रिटर. नो हजबंड."